पोटात न गेलेली पेज

सोमवार, १२ जुलै २०१०. सकाळचे सव्वादहा. रक्कम एक हजार रुपये, शंभराच्या दहा नोटा. हजर तिघं. मी, माझ्या दुकानात वीस वर्षं काम करणारा नारायण आणि माझी थोरली बहीण सुलूअक्का. कट्टा गावच्या बाजारात माझं भुसारी दुकान आहे. अक्का छत्री मिटून पायरीवर उभी राहिली आणि तिने बाराशे रुपये मागितले. बुधवारी ती माझ्या मुलीला, सायलीला, घेऊन गोव्याच्या इस्पितळात जाणार होती. वर्षातून एकदा ही खेप असते. मी तिला गाडीभाडं मांडून दाखवलं, दोघींचं जेवण मांडून दाखवलं, वर शंभर धरले आणि तरी हजार होत नाहीत, मग बाराशे कशाला, असं विचारलं. "वाटेत लागतत," एवढंच ती म्हणाली. मी हजार मोजून दिले. तिने ते मोजले नाहीत. "आमच्या सदाक देवान काळजाच्या जाग्यार तागडी बसवल्यान," असं नारायणाला सांगून तिने नोटा बटव्यात कोंबल्या आणि ती पावसात निघून गेली. नारायण हसला, मीही हसलो... पाऊण तासाने घरून फोन आला. मागच्या पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडता निवडता अक्का एका बाजूला कलंडली होती. मी पोचलो तेव्हा बाजारातले डॉक्टर माझ्या आधी आले होते आणि परत निघाले होते. हृदयविकार, म्हणाले. वय एकसष्ट.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, बरं मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही. मी मान हलवतो. पण आमच्यातलं शेवटचं बोलणं दोनशे रुपयांवरून झालं, हे त्यांना माहीत नसतं. ते दोनशे कशाला हवे होते, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. तिला मिठबावला दिली होती. नवऱ्याचा एका होडीत हिस्सा होता. तो गेल्यावर मूलबाळ नसलेली अक्का शहाण्णव साली एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आली. भावाच्या घरी परत आलेली बहीण जरा दबून राहते, अशी आपल्याकडची समजूत. अक्का दबली नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या बायकोच्या, मंगलच्या, आमटीत मीठ कमी आहे अशी खोट काढली आणि तिसऱ्या दिवशी मंगल माझ्याशी बोलेनाशी झाली. अक्का मिशेरी लावायची, शेजारच्या पोरांशी पत्ते खेळताना उघड उघड फसवायची, एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायची आणि भांडण जिंकली की त्याला पिशवीतला पेरू द्यायची. तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हे गाळतात, पण गाळलं तर ती अक्का राहत नाही.

सायलीचा जन्म जून १९९८ चा. तालुक्याच्या इस्पितळात मंगल बाळंत झाली. मूल रडलं, वजन सव्वादोन किलो भरलं, मी बाजारात पेढे सांगून आलो. परत आलो तेव्हा बाळाच्या तोंडातून सारखा फेस येत होता. पुसला की पुन्हा यायचा. चमचाभर दूध घातलं तर मूल निळं पडलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडातून बारीक नळी घालून बघितली, ती थोडी जाऊन अडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अन्ननलिका जुळलेली दिसत नाही, लगेच गोव्याला न्या, असं सांगितलं. जीप केली. मंगलला उठता येत नव्हतं, म्हणून मी आणि अक्का निघालो. सबंध वाट अक्काने बाळाला खांद्याशी उभं धरलं होतं आणि ती पदराने तोंड पुसत होती. हद्दीच्या नाक्यावर पोलिसाने जीप थांबवून आत डोकावलं, तेव्हा तिने त्याला, "बघतंस काय? चेडवाची नळी जुळाक नाय. सोड आमका," असं सांगितलं. त्याने हात वर केला आणि सोडलं.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी एका कागदाच्या मागे आम्हाला चित्र काढून दाखवलं. घशाकडून येणारी नळी वर बंद, पोटाकडची खाली बंद, आणि मधलं अंतर इतकं की आत्ता ओढून जोडता येणार नाही. म्हणून आधी दोन भोकं करायची. एक मानेला डाव्या बाजूला, म्हणजे लाळ छातीत न उतरता तिथून बाहेर येईल. दुसरं पोटाला, त्यात नळी, त्या नळीतून दूध. वर्ष-दीड वर्षाने मूल वाढलं की जठर वर ओढून मानेशी जोडायचं. मी किती दिवस, किती खर्च, असं विचारत होतो. अक्काने, हिला भूक लागली की कळेल कशी, असं विचारलं. डॉक्टरबाईंनी मला द्यायचं उत्तर अर्ध्यात सोडून तिच्याकडे वळून सांगितलं, आणि ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "नळीतून दूध द्याल तेव्हा दर वेळी तोंडातूनही थोडं भरवा. आधी दूध, मग पेज. ते पोटात जाणार नाही, मानेतून बाहेर येईल. येऊ दे. नाहीतर उद्या जोडल्यावर तिला गिळायचं कसं तेच माहीत नसेल."

घरी आल्यावर अक्काने त्याला खोटी पेज असं नाव दिलं. एक जण पोटाच्या नळीला सिरिंज धरणार, दुसरी मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने भरवणार. मूल चव घ्यायचं, ओठ चाटायचं, गिळायचं, आणि गिळलेलं सगळं क्षणभराने मानेच्या भोकातून खाली गुंडाळलेल्या टॉवेलात यायचं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून बाहेर गेलो. माझे वडील दुकान बंद करताना जमिनीवर सांडलेलं धान्य झाडून, चाळून, कोंबड्यांना घालायचे. ताटाबाहेर पडलेलं शीत उचलून डोळ्यांना लावायचं आणि खायचं, अशा घरात मी वाढलो. आणि इथे दिवसातून सहा वेळा वाटीभर पेज टॉवेलात जात होती आणि टॉवेलातून गटारात.

सप्टेंबरापर्यंत मी ते सहन केलं. पाऊस थांबत नव्हता, टॉवेल वाळत नव्हते, घरभर आंबट वास. मानेखालची कातडी ओली राहून सोललेली, पुसायला गेलं की मूल किंचाळायचं. मंगल तापाने पडलेली. माझी कारणं सगळी खरी होती आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पडवीत उभा राहून सांगितलं, "पोटात काय जायत नाय तर भरवतास कित्याक? दूध नळीतना जाता मां? उद्यापासून ही नासाडी बंद."

"डॉक्टरणीन सांगल्यान ना रे?" अक्का म्हणाली.

"डॉक्टरणीक टॉवेल धुवचे लागनत नाय."

अक्का गप्प बसली. ती कधी गप्प बसत नसे, तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. पण मी जिंकलो असं समजून दुकानात गेलो.

मोठं ऑपरेशन झालं नव्वाण्णवच्या नोव्हेंबरात, सायली सतरा महिन्यांची असताना. शेजारच्या खाटेवर असंच जोडलेलं एक मूल होतं, सायलीहून थोडं मोठं. त्याच्या ओठांना चमचा लावला की ते हातपाय झाडायचं, तोंड गच्च मिटायचं, ओकारी काढायचं. त्याच्या आईबापाने घरी वर्षभर फक्त नळीवर ठेवलं होतं. चांगली माणसं होती, शेतकरी. आमच्यासारखंच त्यांनाही ते व्यर्थ वाटलं असेल. ती आई रोज वाटी घेऊन बसायची आणि रोज रडायची... मी ते बघत होतो आणि आपल्या मुलीच्या चमच्याची वाट बघत होतो. भाताच्या पोत्याखाली बोट सापडावं तशी माझी अवस्था होती, ओरडताही येत नव्हतं. कारण हे मी केलेलं आहे, हे मला माहीत होतं.

दहाव्या दिवशी सिस्टरने सायलीच्या तोंडात साखरपाण्याचा चमचा घातला. तिने तो धरून ठेवला. गाल फुगवून ती इकडेतिकडे बघायला लागली. खाटेच्या पायथ्याशी अक्का उभी होती. अक्काने रिकामं तोंड हलवलं आणि मान उंच करून आवंढा गिळला, सगळ्यांना दिसेल असा. सायलीने तिच्याकडे बघितलं आणि गिळलं. मग तोंड उघडलं, आणखी द्या म्हणून.

डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घरी तोंडातून भरवणं नेमानं चालू ठेवलंत. बहुतेक लोक सोडून देतात. शाबास."

मी म्हटलं, "हो."

एक अक्षर. अक्का तिथे होती, मंगल तिथे होती. दोघींपैकी कोणी मला अडवलं नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर अक्का मिशेरीची डबी काढून म्हणाली, "सदा, ती तुका शाबासकी देय होती तेव्हा माका हसाक येय होता." मग मला कळलं. मी दुकानात गेलो की दुपारी, मागल्या पडवीत, चौदा महिने ती खोटी पेज भरवत राहिली होती. टॉवेल ती मी परतायच्या आत धुऊन चुलीवर वाळवायची. मंगलला ठाऊक होतं. दोघींमधलं मिठाचं भांडण त्या पडवीत कधीतरी मिटलं होतं, तेही मला ठाऊक नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून, पेज कुठून आणायचीस, असं विचारलं. तांदळाचा खप मला कळायला हवा होता, असं माझ्या डोक्यात आलं असणार. ती म्हणाली, "माझ्या ताटातली. माझ्या ताटाचो हिशोब तू अजून करूक नाय मां?"

मला तेव्हा परत आत जाऊन डॉक्टरबाईंना खरं सांगता आलं असतं. दार दहा पावलांवर होतं.

आमच्या भागात लोकांना वाटतं की ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. टाके सुकले, नारळ दिला, मूल खेळायला लागलं. मलाही तसंच वाटत होतं. मला मिटलेला व्यवहार आवडतो. पण हा व्यवहार मिटणारा नव्हता. जोडलेली जागा आकसते, ती ताणून रुंद करावी लागते, पहिल्या दोन वर्षांत सहा वेळा भूल देऊन केली. जठर छातीत आल्यामुळे ताट एकदम भरून वाढायचं नाही, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. जेवताना ताठ बसायचं, दर दोन घासांना पाणी, जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही. झोपताना उशाकडची बाजू वर हवी, म्हणून अक्काने खाटेच्या पुढच्या दोन पायांखाली दोन चिरे घातले. ते अजून आहेत. सायलीचा खोकला घोगरा, होडीचं इंजिन चालू होताना करतं तसा. शाळेत पोरं तिला खटारा म्हणायची. अक्का शाळेत गेली, बाईंना काही बोलली नाही, मधल्या सुट्टीत पोरांबरोबर पत्ते खेळली आणि खेळता खेळता सगळी हकीकत सांगून आली, मानेच्या भोकासकट. त्यानंतर पोरं सायलीला ती खूण दाखव म्हणून मागे लागायची. सायली पाच पैसेही न घेता दाखवायची, अशी अक्काची तक्रार होती.

दर महिन्याला वजन लिहून आणा, असं इस्पितळात सांगितलं होतं. ते काम मात्र माझं. दुकानातल्या मोठ्या तागडीत एका पारड्यात सायली आणि दुसऱ्यात वजनं. मी ग्रॅमपर्यंत लिहायचो. डॉक्टरबाई माझ्या आकड्यांचं कौतुक करायच्या. पण ते वजन ज्या घासांनी वाढत होतं, ते घास मी कधी बघितले नाहीत. मी सात-आठ मिनिटांत जेवून उठणारा माणूस. अक्का मात्र सायलीसमोर पाटावर बसायची. स्वतः घास घ्यायची, चावायची, गिळायची, पेला उचलायची, मग सायली. एक जेवण पाऊण तास चालायचं. अकरा वर्षं अक्काने कधी गरम जेवण जेवलं असेल, असं मला वाटत नाही.

तिच्याही चुका झाल्या. २००३ च्या मे महिन्यात तिने सायलीला काप्या फणसाचे गरे दिले. मूल मागत होतं, समोर सगळी पोरं खात होती, आणि अक्काला नाही म्हणवेना. गरा जोडाच्या जागी अडकला. लाळ गिळता येईना, सायली भिंतीला टेकून तोंड उघडं ठेवून बसली. पुन्हा जीप, पुन्हा तो नाका. दुर्बीण घालून तो काढला. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि काय दिलं होतं, कोणी दिलं, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. मी काही बोलायच्या आत अक्का पुढे झाली. "मिया दिलंय. गरो. माका कळाक व्हया होता." बस. कारण नाही, रडणं नाही. मी शेजारी उभा होतो आणि मला त्याच इमारतीतलं माझं "हो" आठवत होतं.

एवढं होऊनही २००६ साली मी खेप चुकवायला लावली. सायली आठ वर्षांची होत आली होती, धावत होती, पोहायला शिकत होती, दुकानात आंब्याचा हंगाम होता. चांगल्या मुलीला इस्पितळ दाखवायचं कशाला, असं मी म्हटलं. अक्का म्हणाली, "होडी बरी चलता म्हणान दर वर्सा वर काडूची सोडतत काय रे?" होडी दर वर्षी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करतात, मिठबावची ती, तिला ते माहीत होतं. पण पैसे माझ्याकडे होते. पुढच्या वर्षी गेली तेव्हा जोड पुन्हा आकसलेला निघाला, रक्त कमी भरलं, आणि दोन वेळा ताणावं लागलं. सायली वर्षभर नकळत पातळ पातळच खात होती. सवय झाली होती, तिला वाटायचं सगळ्यांना असंच गिळता येतं... अक्काने मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

अक्काच्या तेराव्याला आमच्या रीतीने तिच्या नावाने केळीचं पान वाढलं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, तिला आवडायची म्हणून भोपळ्याची भजी. पान मागच्या अंगणात ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसलो. पान भरगच्च होतं, मंगलने हात राखला नव्हता. आणि मला एकदम वाटलं, जी जेवणार नाही तिच्यासाठी आपण एवढं वाढलं आहे आणि इथल्या एकाही माणसाला ही नासाडी वाटत नाही. मलाही वाटत नाही. मग त्या वाटीभर पेजेची मला का वाटली? ते मूल तर जिवंत होतं, चव घेत होतं, ओठ चाटत होतं.

त्याच दिवशी मंगलने मला बाजूला घेऊन सांगितलं की सायली जेवत नाही. ताट घेऊन खोलीत जाते, अर्धं कुत्र्याला घालते, पाणी पिऊन झोपते. मी तिला दुकानात नेली. तागडीत ती केव्हाच मावेनाशी झाली होती, म्हणून नारायणाने नेहमीप्रमाणे साखरेची पोती तोलायचा काटा ओढला. मागच्या महिन्यात सत्तावीस किलो होती, ती पंचवीसच्या जरा खाली आली होती. गोव्याची तारीख तर अक्काच्या मरणात गेलीच होती. घशात अडकतंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मग काय होतंय? सायली खाली बघत होती. "समोर कोण नाय," एवढंच म्हणाली.

त्या रात्री मी अक्काच्या पाटावर बसलो. नेहमीप्रमाणे भात कालवला आणि अर्धं ताट संपवून वर बघितलं तर सायलीचा पहिला घास अजून हातातच होता. "बाबा, तुमी गिळतास ता दिसत नाय," ती म्हणाली. "आते अशी नाय जेवत होती." मी थांबलो. एक घास घेतला, चावला, अक्काने करायची तशी मान उंच करून गिळला, पेला उचलला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला आपण जेवण कसं जेवतो हे पहिल्यांदा कळत होतं. मंगल चुलीकडे तोंड करून उभी होती. पाऊण तास लागला. भात थंड झाला होता. सायलीने ताट पुसून खाल्लं असं मी म्हणणार नाही, पण कुत्र्याला कमी मिळालं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं गोव्याला गेलो. अक्काचा बटवा मंगलने माझ्या हातात दिला, त्यात त्या दहा नोटा तशाच होत्या, मिशेरीचा वास लागलेल्या. कंडक्टरने सायलीकडे बघून एक फुल एक हाफ करायला घेतलं. सायलीने त्याला थांबवून आपल्याला जूनमध्ये बारा पूर्ण झाली, फुल द्या, असं सांगितलं. दोघांचे एकशे बत्तीस रुपये झाले. अक्का असती तर हाफसाठी भांडली असती आणि मग त्याला पेरू दिला असता, असं सायली म्हणाली. आम्ही दोघंही हसलो.

डॉक्टरबाईंचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी सायलीला तपासलं, छातीचा फोटो बघितला, रक्त घेतलं, जोड ठीक आहे, वजन भरून काढा, असं सांगितलं. मग आत्या का आली नाही, असं विचारलं. मी सांगितलं. आणि तिथेच, सायलीसमोर, अकरा वर्षांपूर्वीचंही सांगितलं. भरवणं मी बंद केलं होतं, चालू तिने ठेवलं होतं, शाबासकी मी घेतली होती.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "भरवणाऱ्याच्या खांद्याला आंबट वास येतो. तुमच्या शर्टाला तांदळाच्या पोत्याचा येत होता."

"मग मला शाबास का म्हणालात?"

"कारण पुढे पंधरा-वीस वर्षं मुलीला इथे आणायला बाप लागणार होता. म्हटलं, खोटी का होईना, देऊन बघू." मग त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख लिहिली आणि कागद माझ्याऐवजी सायलीच्या हातात दिला.

जेवायला आम्ही इस्पितळामागच्या कॅन्टीनमध्ये गेलो. अक्का सायलीला दर वर्षी तिथेच न्यायची. चालवणाऱ्या बाईंनी सायलीला ओळखलं आणि माझ्या मागे कोणी आहे का बघितलं. "ती येवंक ना?" त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. मग त्यांच्याकडून मला ते कळलं. अक्का दर वर्षी आधी वॉर्डात जायची आणि मानेला भोक असलेलं मूल आहे का, असं सिस्टरला विचारायची. दर वर्षी असायचंच असं नाही. असलं तर त्याच्या आईजवळ बसून, तो टॉवेल कसा गुंडाळायचा, कातडीला खोबरेल कसं लावायचं, हे दाखवायची, आणि खाली येऊन त्या बाळाच्या पेजेचे दोनशे रुपये या बाईंकडे ठेवून जायची. आई कंटाळली, नवरा ओरडला, तरी वाटी वर गेली पाहिजे, असं बजावून. मी विचारलं, यंदा कोणी आहे का? आहे, म्हणाल्या. दोडामार्गाकडचं, तीन महिन्यांचं. आईने कालपासून भरवायचं सोडलंय.

आमची दोन ताटं आली. मी सायलीच्या समोर बसलो, तिच्याकडे तोंड करून, पेला उजव्या हाताशी. एक घास मी, एक घास ती. कॅन्टीन रिकामं झालं तरी आम्ही जेवत होतो आणि कोणी आम्हाला उठवलं नाही. मग उठून मी बटवा उघडला. जेवणाचे वेगळे दिले. शंभराच्या दोन नोटा वेगळ्या काढल्या, त्या पुन्हा न मोजता बाईंच्या हातात ठेवल्या आणि वरच्या बाळाला रोज सहा वेळा वाटी पाठवा, असं सांगितलं. ते मूल गिळतं ते सगळं टॉवेलात जातं, पोटात काहीच उतरत नाही, असं त्या मला समजावून सांगायला लागल्या. मी म्हटलं, मला माहीत आहे.